माहूत, हत्ती आणि वाचनालयाची वही



माहूत हा शब्द आपल्याला नवा नाही. हत्तीच्या मानेवर बसून, कानामागे पायानं टोचून त्या धुडाला हवं तिकडे वळवणारा तो माहूत. याच नावाचं एक सॉफ्टवेअरही आहे. २००८ साली परदेशातल्या काही संगणकतज्ज्ञांनी ते लिहायला घेतलं आणि नाव आपल्याकडचं उचललं. ते त्याचा उच्चार ‘महाउट’ असा करतात, ते सोडून देऊ. हे नाव कशासाठी, तर हा माहूत ज्याच्यावर बसला त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं चिन्ह हत्ती आहे. डग कटिंग हे त्याचे एक कर्ते. त्यांच्या लहान मुलाकडे एक पिवळा कापडी हत्ती होता. पोरानं त्याचं नाव ठेवलं होतं ‘हडूप’, आणि २००६ साली तेच नाव सॉफ्टवेअरला मिळालं. हडूपचं काम असं की बाजारात मिळणारे साधे, पण पुष्कळ संगणक एकमेकांना जोडायचे आणि एकच मोठं काम त्यांच्याकडून वाटून करून घ्यायचं. आणि माहूत म्हणजे त्या हत्तीला जुन्या नोंदींवरून शिकायला लावणाऱ्या तयार कृतींचा संग्रह. अशा संग्रहाला संगणकवाले ‘लायब्ररी’ म्हणतात.

या लायब्ररीशी माझी ओळख झाली ती आमच्या नाशिक रोडच्या एका दुसऱ्या लायब्ररीमुळे, म्हणजे पुस्तकांच्या. तीच हकिगत आज सांगणार आहे.

मी तेव्हा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात संगणक विभाग सांभाळत होतो. राहायला जेल रोडला. जवळच एक छोटं वाचनालय होतं, त्याच्या समितीवर मी होतो. नऊशेच्या आसपास खाती, सहा हजारांच्या घरात पुस्तकं, एक ग्रंथपाल बाई आणि एक शिपाई, एवढा संसार. २०११ साली वर्गणीदार गळायला लागले होते. इंटरनेटवरची पुस्तकांची दुकानं ‘हे पुस्तक घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ असं सुचवतात, ते मी पाहिलं होतं. मनात आलं, आपल्याकडे देवघेवीच्या वह्या आहेत, मग आपण का सुचवू नये? आणि हे काम करून देणारी तयार लायब्ररी फुकट मिळते म्हणजे माहूत!

कारखान्यानं मोडीत काढलेले चार संगणक मी भंगाराच्या भावात घेतले आणि हॉलमध्ये मांडले. आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, की पाहुणे आले तर त्यांना कुठल्या संगणकावर बसवायचं ते सांगून ठेवा.

पहिले पंधरा दिवस नुसतं जोडण्यात गेले. ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं ऐकून हसू येईल. एक यंत्र दुसऱ्याला हाक मारायचं आणि दुसरं ओ द्यायचंच नाही. कारण काय, तर प्रत्येक यंत्रातल्या पत्त्यांच्या यादीत स्वतःच्या नावापुढे ‘मी इथेच’ या अर्थाचा घरगुती पत्ता होता. मुख्य यंत्र बाकीच्यांसाठी दार उघडून बसायचं, पण ते घराच्या आतलं दार. बाहेरच्यांना दिसणार कसं? एक ओळ खोडली आणि चौघंही बोलायला लागली. पंधरा दिवसांचं काम एका ओळीचं होतं. या क्षेत्रात हे नेहमीचंच आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं त्याचं दुःख करू नये.

आमचे आप्पा, म्हणजे वडील, तेव्हा ऐंशीला टेकले होते. जन्मभर रेल्वे टपाल सेवेत सॉर्टर. रात्रभर धावत्या गाडीतल्या टपालाच्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची, हे त्यांचं काम. माझा उद्योग ते आरामखुर्चीतून बघत असत. एकदा म्हणाले, “अरे, हे चौघं मिळून करतात काय ते तरी सांग.”

मी सांगितलं. देवघेवीची वही फाडून तिचे चार गठ्ठे केले आणि चौघांना दिले असं समजा. प्रत्येकानं आपल्या गठ्ठ्यातली एकेक ओळ वाचायची आणि चिठ्ठी लिहायची: अमुक खातं, तमुक पुस्तक. आता एकाच खात्याच्या चिठ्ठ्या चौघांकडे विखुरलेल्या असणार. त्या एका जागी आल्याशिवाय त्या खात्यावर काय काय वाचलं गेलं ते कळणार नाही. म्हणून नियम करायचा, की या आकड्यांची खाती पहिल्याकडे, त्या आकड्यांची दुसऱ्याकडे. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली की प्रत्येकानं आपल्या वाट्याच्या खात्यांतल्या पुस्तकांच्या जोड्या लावायच्या. मग त्या जोड्यांच्या चिठ्ठ्या, पुन्हा अदलाबदल आणि शेवटी बेरीज: ही दोन पुस्तकं किती खात्यांवर जोडीनं गेली.

आप्पा म्हणाले, “म्हणजे पिन कोड.”

अगदी तेच. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ला पिन कोड आला. त्याआधी कुठलं गाव कुठल्या टपाल कचेरीखाली आणि कुठल्या गाडीनं जातं, हे सॉर्टरला तोंडपाठ ठेवावं लागे. पिन आल्यावर पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन छाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोचवणाऱ्या कचेरीचे. नाशिक रोडचं ४२२१०१ पाकिटावर दिसलं, की मजकुरात काय आहे याच्याशी सॉर्टरला कर्तव्य नाही. गूगलच्या दोघा अभियंत्यांनी, जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी, २००४ साली ही वाटणी–छाटणी–बेरजेची पद्धत शोधनिबंधात मांडली आणि हडूप त्यावरूनच उभं राहिलं. बाकी, एक काम पुष्कळांत वाटण्याची कल्पना पुण्याला काही नवी नव्हती. अमेरिकेनं महासंगणक द्यायला खळखळ केली, तेव्हा १९८८मध्ये सी-डॅक स्थापन झालं, आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला तो अनेक लहान प्रोसेसर एकत्र राबवूनच.

आप्पांनी पुढे एक प्रश्न विचारला. गाडीत एखादा सॉर्टर आजारी पडला तर? त्याचं उत्तर दोनच दिवसांनी लेकीनं दिलं. मोबाइल चार्ज करायला तिनं एका यंत्राचा प्लग काढला, आणि नेमकं काम चाललं होतं त्याच यंत्राचा. मी कपाळावर हात मारला. पण मुख्य यंत्रानं दहा मिनिटं वाट पाहिली, हे काही आता बोलत नाही असं ठरवलं आणि त्याचं काम दुसऱ्याला दिलं. हडूप प्रत्येक माहितीच्या तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतं, म्हणून हे जमतं. काम बुडालं नाही. हत्तीबद्दल मला खरा आदर वाटला तो त्या दिवशी.

आता वह्या. दिवाळीच्या सुट्टीत शेजारची दोन मुलं हाताशी घेऊन आम्ही अडीच वर्षांच्या नोंदी टंकल्या. चाळीस हजारांच्या आसपास ओळी, प्रत्येक ओळीत दोनच आकडे: खाते क्रमांक, पुस्तक क्रमांक. माहूतला नावं लागत नाहीत, आकडेच लागतात. वहीतल्या काही नोंदींपुढे पेन्सिलीचं बारीक टिंब होतं. एका मुलानं विचारलंसुद्धा, “काका, हे टिंब कशाचं?” मी म्हटलं, “सोड रे ते.”

फाइल तयार झाली, चौघांना दिली आणि वीस मिनिटांनी उत्तर आलं. मी खुशीत. पण नोंदपुस्तक उघडून पाहतो तर राबलं होतं एकच यंत्र. बाकी तिघं नुसते पंखे फिरवत होते. झालं होतं असं, की हडूप त्या वेळी माहितीचे तुकडे पाडायचं ते ६४ एमबीचे आणि माझी अख्खी फाइल अर्ध्या एमबीचीही नव्हती. एकच तुकडा, म्हणून एकच कामकरी. वीस मिनिटं गेली ती दहाबारा टप्प्यांपैकी प्रत्येक टप्प्याला मांडामांड आणि आवराआवर करण्यात. माहूतमध्ये हेच काम हत्तीशिवाय, एकाच यंत्राच्या स्मृतीत करण्याचीही सोय होती. ती वापरून पाहिली. काही सेकंद लागले.

चार यंत्रं, पंधरा दिवस आणि सौभाग्यवतींची नाराजी, हे सगळं मी पावशेर दुधासाठी हत्ती पाळावा तसं केलं होतं. आजही अभियांत्रिकीची मुलं मला विचारतात, सुरुवात कुठून करू. मी सांगतो, आधी एकाच यंत्रावर कर. ते पुरेनासं झालं, खरोखर पुरेनासं झालं, की मग वाटणीचा विचार कर. हत्ती लागतो ती कामं वेगळी. आमच्याच नाशिक महसूल विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१०ला देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तिथे नव्यानं नोंदणारा माणूस आधीच नोंदलेल्यांत नाही ना, हे पाहायला त्याच्या बोटांचे ठसे आणि बुबुळं आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहावी लागतात. आधीचे सगळे म्हणजे पुढे कोट्यवधी. असं काम एका यंत्राचं नव्हे. आधारच्या यंत्रणेत हडूपही वापरलं गेलं.

आमचं उत्तर आलं खरं, पण ते निरुपयोगी होतं. जवळजवळ प्रत्येक खात्याला माहूतनं ‘मृत्युंजय’ सुचवलं होतं, आणि ज्यांनी ते वाचलं होतं त्यांना तशाच दुसऱ्या तीनचार गाजलेल्या कादंबऱ्या. बाई हसल्या. म्हणाल्या, “अहो भाऊ, एवढं तर आमचा शिपाईही सांगतो.”

यावर उपाय माहूतमध्येच होता. टेड डनिंग यांनी १९९३ साली मांडलेलं गणित आहे. जोडी किती वेळा दिसली ते मोजू नका, ती दिसणं किती नवलाचं आहे ते मोजा. समजा नऊशेपैकी सहाशे खात्यांवर एक गाजलेली कादंबरी गेली आणि तीस खात्यांवर पक्षिनिरीक्षणाचं पुस्तक. त्या तिसांतल्या वीस जणांनी ती कादंबरी वाचलेली असली तर त्यात काही विशेष नाही, ते प्रमाणातच आहे. पण त्याच तिसांपैकी बारा जणांनी सह्याद्रीतल्या वनस्पतींचं एक पुस्तक नेलं असेल आणि ते पुस्तक एकूण तीसच खात्यांवर गेलं असेल, तर हिशेबानं जोडी एकदाच पडायला हवी होती. पडली बारा वेळा. तिथे काहीतरी आहे.

हे गणित लावलं आणि याद्या जिवंत झाल्या. कुणाला ट्रेकिंगनंतर नकाशे, कुणाला स्वयंपाकाच्या पुस्तकानंतर आहारशास्त्र. कपाटात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली पुस्तकं वर आली. मी प्रत्येक खात्याची चिठ्ठी छापली, ‘आपल्यासाठी सुचवलेली पाच पुस्तके’, आणि देवघेवीच्या वेळी पुस्तकात घालायला बाईंकडे गठ्ठा दिला. पहिल्या आठवड्यात लोक खूष होते. चिठ्ठी हातात घेऊन कपाटाशी जाणारी माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

दुसऱ्या आठवड्यात एक सद्गृहस्थ घरच्या खात्यावर पुस्तक बदलायला आले. चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी टेबलाशीच मोठ्यानं वाचली. पाचात चौथं पुस्तक घटस्फोट आणि पोटगीच्या कायद्याचं होतं. ते थांबले, म्हणाले, “हे आमच्या घरात कोण वाचतं?” बाईंनी तत्काळ चिठ्ठी काढून घेतली. “यंत्राची चूक आहे,” म्हणाल्या, “आकडे इकडचे तिकडे झालेत.” तरी गृहस्थ जाताना दोनदा मागे वळून पाहून गेले.

त्या घरची सून दर गुरुवारी दुपारी यायची. तो गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. नंतर ती वाचनालयात आली नाही.

बाई माझ्या घरी आल्या त्या वही घेऊनच. चहासुद्धा घेतला नाही. वही उघडून त्यांनी त्या टिंबांवर बोट ठेवलं. पुस्तक परत यायला उशीर झाला, की वाचनालयातून घरच्या पत्त्यावर कार्ड जात असे, त्यावर पुस्तकाचं नाव असे. ज्या पुस्तकाचं कार्ड घरी जाऊ द्यायचं नाही, त्या नोंदीपुढे बाई टिंब करत. दारू सोडवण्याविषयीची पुस्तकं, मूल होत नसलेल्या जोडप्यानं नेलेलं पुस्तक, एका मुलानं घरच्यांना न सांगता नेलेलं परीक्षेचं पुस्तक. आणि त्या सुनेनं वाचनालयातच बसून वाचलेलं, स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांचं. बाई म्हणाल्या, “भाऊ, एका खात्यात चारचार माणसं असतात. तुमच्या यंत्राला खातं म्हणजे एक माणूस वाटलं.”

यंत्राला असं काही वाटलं नव्हतं. त्याला दोन आकडे दिले होते, ते मी दिले होते. टिंबासाठी रकानाच मी ठेवला नव्हता.

मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं असंही म्हणता येणार नाही. नेटफ्लिक्स या कंपनीनं २००६ साली दहा लाख डॉलरची स्पर्धा लावली होती. चार लाख ऐंशी हजार ग्राहकांनी सतरा हजारांहून अधिक चित्रपटांना दिलेले दहा कोटी गुण तिनं नावं काढून खुले केले. आमच्यासारख्या सगळ्या हौशी मंडळींनी तीच माहिती वापरून हात बसवला. पण अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या दोघा संशोधकांनी २००८मध्ये दाखवून दिलं, की एखाद्याचे मोजके गुण आणि त्यांच्या तारखा साधारण माहीत असल्या, तर त्या निनावी ढिगातून माणूस शोधता येतो. २००९ला बक्षीस दिलं गेलं. पुढची स्पर्धा मात्र २०१०मध्ये, खासगीपणावरून खटला झाल्यावर, रद्द झाली. हे सगळं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते अमेरिकेतलं प्रकरण, आपल्या वाचनालयाशी त्याचा काय संबंध, असं समजून पान उलटलं होतं.

समितीच्या बैठकीत मी चिठ्ठ्या बंद केल्या. एकदोघांना ते पटलं नाही, लोकांना आवडतायत मग एका तक्रारीसाठी बंद कशाला, असं त्यांचं म्हणणं. आणि तक्रार तरी कुणी लेखी केली होती? मधला मार्ग बाईंनीच काढला. खात्याला सुचवायचं नाही, पुस्तकाला सुचवायचं. पक्ष्यांच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर एक कागद डकवायचा: याच्याबरोबर हीही पाहा. कोणी काय वाचलं याचा त्यात मागमूस नाही. यादीही आधी बाई पाहणार, आणि टिंबाच्या पुस्तकांना कागद नाही. ते कागद बरीच वर्षं टिकले. मूळ फाइल मात्र बाईंच्या समोर बसून मी चारही यंत्रांवरून पुसली. हत्ती प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवतो, हे मी त्यांना मघाशी सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी तिन्ही पुसल्याची खात्री करून घेतली.

त्या सुनेचं पुढे काय झालं, हे मला माहीत नाही. बाईंना माहीत असेल. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माहूतचं म्हणाल तर २०१४मध्ये त्याच्या कर्त्यांनी हडूपच्या त्या जुन्या पद्धतीनं लिहिलेल्या नव्या कृती घेणं थांबवलं आणि ते स्पार्क नावाच्या वेगवान यंत्रणेकडे वळले. स्पार्क माहिती स्मृतीत धरून ठेवतो, टप्प्याटप्प्याला डिस्कवर मांडामांड करत नाही. आता तर भाषा जाणणारी प्रचंड प्रारूपं शिकवायला हजारो ग्राफिक प्रोसेसर एकदम जुंपतात. माझी पुतणी पुण्यात तेच काम करते. तिनं समजावलं, की प्रत्येक प्रोसेसर आपल्या वाट्याच्या माहितीवरून चूक काढतो, मग सगळे मिळून त्या चुकांची सरासरी घेतात, त्याप्रमाणे सगळे सुधारतात आणि पुढचा घास घेतात. मी म्हटलं, ही तर पंगत. शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. ती म्हणाली, “हो काका, आणि एकजण रेंगाळला की आमचे सगळे खोळंबतात, तीच आमची डोकेदुखी.” पुण्याच्या सी-डॅकमध्ये २०२० साली उभा राहिलेला ‘परम सिद्धी’ अशाच कामांसाठी आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या महासंगणकांत तो त्रेसष्टावा होता.

मागच्या दिवाळीत ती आली होती. तिच्या हाताखालच्या नव्या मुलांना सरावासाठी खरीखुरी, पण लहान माहिती हवी होती. म्हणाली, “काका, तुमची ती वाचनालयाची फाइल द्या ना.” मी म्हटलं, ती आता नाही. मग तिला वाचनालयात घेऊन गेलो. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आहेत, पण जुन्या वह्या अजून कुलपात आहेत. नव्या ग्रंथपालांनी एक काढून दिली. पुतणी उभ्याउभ्याच पानं उलटत होती. तिसऱ्याचौथ्या पानावर तिचं बोट थांबलं.

“काका,” ती म्हणाली, “हे टिंब कशाचं?”

मी तिला बाईंचा पत्ता दिला.